मदत हवी आहे : उपनगरातील कॅथलिक प्राथमिक शाळेचा इतिहास

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरच्या दक्षिणेस, कळंबा आणि पाचगावच्या बाजूला शेते बिगरशेती होऊन जी वसाहत वाढत गेली, तेथील एका कॅथलिक प्राथमिक शाळेचा इतिहास मी लिहीत आहे. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथे अशा शाळेकडे कोणत्या जातिधर्मांची, कोणत्या धंद्यांतील घरांची मुले आली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. इमारतींच्या उद्घाटनांत मला तेवढा रस नाही.

शाळेचे जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार पाहण्याचा माझा विचार आहे. मात्र चर्चच्या कागदपत्रांसाठी कोठे विनंती करावी? सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतील विभाग) २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि कोल्हापूर त्यात गेले. मग त्यापूर्वीचा पत्रव्यवहार पुण्यात ठेवतात की नव्या धर्मप्रांताकडे सोपवतात? शहरातील मिशनरी वायल्डर यांचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन प्रोटेस्टंट असल्याने त्याची दप्तरे येथे उपयोगी पडणार नाहीत, हे कृपया ध्यानात घ्यावे.

तसेच करवीर नगर वाचन मंदिरात स्थानिक दैनिकांचे जुने अंक पाहण्यासाठी कोणती परवानगी लागते, हे कोणी सांगू शकेल का? निवृत्त शिक्षिका, सिस्टर किंवा माजी विद्यार्थ्यांकडे वर्गाची छायाचित्रे, प्रगतिपुस्तके असतील, तर त्यांच्या प्रती मिळाल्यास मी अत्यंत ऋणी राहीन. मूळ कागद मात्र ज्याचे त्याने स्वतःजवळच ठेवावेत.