ठासणीच्या बंदुकीचा ग्रूप जमत नाहीये (गोळ्या एका जागी लागत नाहीत), दारू किती भरू?

ओहायोकर
मंडळी, ह्या जानेवारीत ओहायोच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनला पहिल्यांदाच हरणाला जायचंय. बंदूक .५० कॅलिबरची इनलाइन (चाप-ठिणगी नळीच्या सरळ मागे), नळीला १:२८ ट्विस्ट (आतल्या खाचांचा २८ इंचांत एक वळसा). ५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे दारू-गोळीचं माप) तीन पेलेट, दारूच्या वड्या, म्हणजे १५० ग्रेन दारू आणि वर सॅबोतली (प्लास्टिकच्या कपातली) २५० ग्रेनची गोळी घालतोय. १०० यार्डांवर पहिली गोळी बरोबर मधे, दुसरी चार इंच डावीकडे, तिसरी पार कागदाच्या काठाला. आणि तिसरी ठासताना गज (ठासायचा दांडा) खाली सरकतच नाही, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. अशा बंदुकीने जनावरावर गोळी झाडायची हिंमत होत नाही हो, नुसतं जखमी होऊन पळालं तर? स्कोप बदलू का?

मिशिगनवाला
स्कोपला हात लावू नकोस, तुझी पहिली गोळी मधे लागतेय म्हणजे स्कोप ठीक आहे. गज अडतोय ना, तिथेच दुखणं आहे. नळीत काजळी बसतेय. ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) वापरत असशील तर दारूच्या जागेच्या जरा वर कडक कडं धरतं, हाताला गचका लागतो तिथे. प्रत्येक बारानंतर एक ओला पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) फिरव, मग एक कोरडा, आणि तेवढ्या वेळात नळी गार होऊ दे, गरम नळीत सॅबोचं प्लास्टिक मऊ पडतं.

आणि १५० ग्रेनचा हट्ट सोड रे. हरणाला एवढी लागत नाही, खांद्याला लाथ बसते ती वेगळीच. सुटी दारू घे, ८० पासून सुरू कर, मग ९०, मग १००, प्रत्येकी तीन बार, बाकी काही बदलायचं नाही. माझी बंदूक ९० ला जुळली, १०० ला परत फाकली. माप व्हॉल्यूमचं, वजनकाट्यावरचं नाही. बंदुकीच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा ओलांडू नकोस आणि साधी स्मोकलेस दारू चुकूनसुद्धा नको, नळी फुटते.

गोळी दारूवर नीट टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण कर. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी अर्ध्यात अडकलीय, अजिबात बार काढायचा नाही.

पेनसिल्व्हेनियाचा काका
मी फ्लिंटलॉकवाला (चकमकीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक), ख्रिसमसनंतरच्या सीझनला जातो. .४९० ची गोल गोळी, तिच्याभोवती कापडी पॅच आणि ७० ग्रेन काळी दारू, बास. बार झाल्यावर पुढे पडलेले पॅच गोळा करून बघतो. जळून भोकं पडली असतील तर पॅच पातळ आहे, कडेला चिरले असतील तर नळीचं तोंड बघायचं. ६० यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही, समोर कितीही मोठा नर उभा असो. आमच्या सिंधुदुर्गात शेतसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक घरात होती, आजोबा म्हणायचे गज दोनदा उडाला पाहिजे, म्हणजे गोळी बसली.

आणि एक, शिकारीत गार आणि स्वच्छ नळीचा पहिला बारच कामाचा. तेव्हा तीनचा ग्रूप एकाच दिवशी काढण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एकेकच काढून बघ, आधी नुसत्या कॅपा (ठिणगीच्या टोप्या) वाजवून तेल जाळून टाक.

ओहायोकर
काका, दादा, शनिवारी रेंजवर जाऊन आलो. दर बारानंतर पुसलं, ८० ला तीन इंच आणि ९० ला दीड इंच!! गज लोण्यासारखा खाली गेला. १०० च्या भानगडीत पडलोच नाही. खूणही केलीय. आता रविवारपासून रोज सकाळी एकच बार, तोच कागद ठेवून.