दम्याच्या आईला अटल बोगद्यातून न्यावं का?

सातरस्ताकर: मे महिन्यात मनालीला निघालोय. आई 71 वर्षांची, दमा आहे, आणि लिफ्टचं दार बंद झालं तरी माझा दंड घट्ट धरते. डोंगरापलीकडच्या सिस्सू गावाला जायचं तर नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. आत जीव गुदमरेल का? नाहीतर वरून रोहतांग खिंडीने जातो.

भवानीपेठ: मुंबईला जाताना भाताणचा बोगदा लागतो ना, किलोमीटरभराचा? तसे नऊ जोडा. 😀

जुना_ड्रायव्हर: थट्टा नको ओ, म्हातारं माणूस आहे. मी 24 वर्षं ट्रक चालवला. एकदा चंदीगडला चादरी उतरवल्या आणि रिकामं परतण्यापेक्षा लेहचं भाडं घेतलं. तेव्हा बोगदा नव्हता. बर्फामुळं रोहतांगच्या अलीकडं मढीला दोन रात्री अडकलो. वर खिंडीत क्लीनरचं डोकं असं धरलं की पोरगं उलट्या करून आडवं. बावीस वर्षांचं, तालमीतलं!

म्हणून सांगतो, भ्यायचं ते उंचीला. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर. रोहतांग 3,978. बोगद्याची तोंडं 3,100 च्या आतच आहेत. म्हणजे दम्याच्या माणसाला वरून नेणं हेच उलटं काम झालं की! 2022 ला मी बायकोला घेऊन बोगद्यातून गेलो. दहा-बारा मिनिटांत पलीकडं. आत उजेड चांगला, हवा खेळवायला मोठे पंखे, दर दीडशे मीटरला फोन. तरी आधी डॉक्टरांना विचारा, मनालीत दोन दिवस मुक्काम करा, आणि पंप बॅगेत नको, आईच्या हातात द्या.

पूल_आणि_पाया: त्यात भर. रस्त्याच्या खालीच सुटकेचा वेगळा बोगदा आहे, दर 500 मीटरला तिथं उतरायची वाट. खोदताना सेरी नाल्याखाली खडक भुसभुशीत लागला, पाणी थांबेना. तेवढ्या पट्ट्यानं काम काही वर्षं रखडवलं. 2010 ला सुरू झालेला बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला.

सातरस्ताकर: आभार काका. रोहतांग रद्द. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, दहा मिनिटं म्हणजे एक रामरक्षा, चालेल.

जुना_ड्रायव्हर: म्हणू द्या की. फक्त आत फोटोला गाडी थांबवू नका, दंड लावतात. आणि स्वेटर डिकीत ठेवू नका. सोलापूरच्या मे महिन्यातून निघताना कुणाला आठवत नाही.