परदेशातून येताना सिगारेटचं कार्टन: कस्टमला किती चालतं? उद्याच फ्लाइट आहे

वैनगंगा_काठ
१२ डिसेंबर २०२३, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. उद्या रात्री परत निघतोय. मामांनी सिगारेटचं एक कार्टन आणायला सांगितलंय. नातेवाइकांच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात बिनधास्त आण, निम्मे म्हणतात धरतात. एक कार्टन तीनेक हजारांचं. पन्नास हजारांपर्यंतचं सामान फ्री असतं ना? मग अडचण कुठे आहे?
ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज. सिगारेट वाईट असते हे मला आणि मामांना दोघांनाही माहीत आहे.

दादरकर
रात्री ९:२०

कुठून येताय? कुठे उतरताय? भारतीय पासपोर्ट का? एकटे आहात की कुटुंब आहे सोबत? एवढं तरी लिहा, म्हणजे उत्तर देता येईल.

रानजाई
रात्री ९:२४

दोनशे चालतात. म्हणजे एक अख्खं कार्टन. आमचे हे भारतातून परत येताना नेहमी आणतात, लंडनला कधी कोणी हटकलं नाही. निश्चिंत या.

ससून_गोदी
रात्री ९:३१

रानजाईताई, तुम्ही सांगताय तो ब्रिटनमध्ये शिरतानाचा आकडा आहे. तिथे दोनशे बरोबर. भारतात उतरताना तो लागू नाही. प्रत्येक देशाची मर्यादा त्या देशात शिरणाऱ्यासाठी असते.

भारतात: १०० सिगारेट, किंवा २५ सिगार, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. २०१६ च्या बॅगेज नियमांत परिशिष्ट १ मध्ये आहे. कार्टनमध्ये दहा पाकिटं, पाकिटात वीस कांड्या, म्हणजे दोनशे. तुमचं कार्टन मर्यादेच्या बरोबर दुप्पट आहे.

आणि पन्नास हजारांचा इथे काही उपयोग नाही. परिशिष्टातल्या वस्तू त्या सवलतीतून बाहेर काढलेल्या आहेत. शंभरावरची एकशे एकावी कांडी वीस रुपयांची असली तरी ती फ्री नाही. इथे कांड्या मोजतात, किंमत नाही.

मी कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे बरीच वर्षं नोकरी केली आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहितोय.

वैनगंगा_काठ
रात्री ९:३८

दुबई. मुंबईला उतरून पुढे नागपूर. पासपोर्ट भारतीय. बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा सोबत आहे.
मग बायकोचे शंभर, माझे शंभर, झाले दोनशे. प्रश्न मिटला ना?

पारिजात
रात्री ९:४१

मुलाचे पण शंभर धरा की! तीनशे होतील.

दादरकर
रात्री ९:४४

पारिजात, असले सल्ले देऊ नका हो. नऊ वर्षांच्या पोराच्या नावावर सिगारेट दाखवणार? इथे अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणंच कायद्याने बंद आहे. काउंटरवर हे उत्तर कोण ऐकून घेईल? पोराला यात आणूच नका.

नवराबायकोचं मात्र जमेल. माझ्या मते कार्टन तसंच एका बॅगेत ठेवा आणि विचारलं तर दोघांचं आहे म्हणून सांगा. आम्ही असंच केलं होतं.

ससून_गोदी
रात्री ९:५२

दादरकर, इथे मी सहमत नाही. दोघांची सवलत एकत्र धरत नाहीत. ज्याच्या बॅगेत दोनशे, त्याच्या नावावर दोनशे. अधिकारी समजूतदार भेटला तर सोडेल, पण त्याच्या मर्जीवर कशाला राहायचं?

कार्टन फोडा. पाच पाकिटं वहिनींच्या हँडबॅगेत, पाच तुमच्या बॅगेत. जमलं तर दुकानातच दोन बिलं करून घ्या, प्रत्येकाच्या बोर्डिंग पासवर वेगळं. ड्यूटी फ्रीवाले बिल करताना बोर्डिंग पास मागतातच.

बॅगा बाहेर नेताना एक्स-रेमधून जातात. अख्खं कार्टन स्क्रीनवर लगेच ओळखू येतं: लांबट डबा, आत सारख्या मापाची पाकिटं दोन रांगांत. त्यांची नजर रोज तेच बघून तयार झालेली असते. कपड्यांच्या घडीत घातलं तरी आकार बदलत नाही.

कोकणकडा
रात्री ९:५८

एवढा खटाटोप कशाला? दुबईत घ्यायचंच नाही. मुंबईत उतरल्यावर बेल्टच्या आधी ड्यूटी फ्री आहे, तिथून घ्या. तिथलं सामान कस्टमच्या आतलंच असतं, त्याला मर्यादा नाही. मी कायम तिथूनच घेतो.

ससून_गोदी
रात्री १०:०३

मर्यादा आहे, कोकणकडा. तिथे पासपोर्ट बघूनच देतात. दुबईहून आणलेल्या आणि मुंबईत घेतलेल्या मिळून शंभर. ते दुकान ग्रीन चॅनलच्या (कस्टमला काही सांगायचं नसलेल्यांच्या बाहेर पडायच्या वाटेच्या) अलीकडे आहे, म्हणजे तिथून घेतलेला मालही तुम्ही कस्टम ओलांडून आत आणताय.

कोकणकडा
रात्री १०:०५

मला आजवर कोणी विचारलं नाही.

दादरकर
रात्री १०:०७

कोणी विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही ना. धागाकर्ते कुटुंबासोबत आहेत, पुढची नागपूरची फ्लाइट आहे. तासभर काउंटरवर अडकले तर ती चुकेल.

नागपुरी_संत्रा
रात्री १०:१५

भाऊ, नागपूरपर्यंत बॅग थेट टॅग केली तरी मुंबईत बेल्टवरून उचलूनच कस्टम पार करा लागते. मंग पुढच्या फ्लाइटसाठी परत द्यायची. दोन फ्लाइटमध्ये किती वेळ आहे? पहाटे चार-पाच विमानं एकदम उतरली तर इमिग्रेशनलेच गर्दी असते.

वैनगंगा_काठ
रात्री १०:२२

तीन तास आहेत. तो प्रश्न नाही.
समजा दोनशे एकाच बॅगेत सापडल्या, तर जास्तीच्या शंभरावर ड्यूटी भरून सुटता येतं का? थोडे पैसे गेले तरी चालतील. किती भरावे लागतील एवढंच सांगा.
आणि मित्राने एक ते गरम करून ओढायचं यंत्र सांगितलंय, छोटी पेनसारखी वस्तू, त्यात तंबाखूची कांडी घालतात. त्यात जाळ नसतो, धूर नसतो. ते सिगारेटमध्ये मोजतात की इलेक्ट्रॉनिकमध्ये?

अबोली
रात्री १०:२६

ते यंत्र अजिबात आणू नका!! भारतात बंदी आहे.

पारिजात
रात्री १०:२९

अबोली, बंदी वाफेच्या ई-सिगारेटवर आहे. यात खरी तंबाखू असते, हे वेगळं. माझा चुलतभाऊ वापरतो पुण्यात.

ससून_गोदी
रात्री १०:४०

पारिजात, कृपा करून हे पसरवू नका. २०१९ चा कायदा आहे, आधी सप्टेंबरमध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात ई-सिगारेटच्या व्याख्येतच तंबाखू न जाळता गरम करणारी सगळी उपकरणं घातली आहेत. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतःच्या वापरासाठी एकच आणलं, ही सबब चालत नाही, कारण आणणं हीच आयात. इथे ड्यूटी भरून सोडवण्याचा मार्ग नाही. मित्राला आजच नाही म्हणून कळवा.

आता सिगारेटच्या ड्यूटीचं. इतर सामान पन्नास हजारांच्या वर गेलं की सरचार्ज धरून ३८.५ टक्के लागतात. जास्तीच्या सिगारेटला तो दर नाही. तिथे मूळ ड्यूटीच १०० टक्के, वर सरचार्ज. म्हणजे मामांना तेवढ्यात मुंबईतच पाकिटं मिळतील.

शिवाय पैसे भरले की माल हातात देतीलच असं धरून चालू नका. भारतात पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा लागतो, २०१६ पासून. परदेशी पाकिटांवर तो नसतो. प्रमाण जास्त वाटलं तर त्या मुद्द्यावरही माल जप्त होतो.

जास्त असेल तर रेड चॅनलला, म्हणजे सामान जाहीर करायच्या वाटेला, जाऊन आधीच सांगायचं. ग्रीनमधून निघालात आणि पकडलं, तर ते न सांगता आणणं ठरतं, आणि मग दंड वेगळा. कस्टमचं अतिथी नावाचं ॲप आहे, त्यात विमानात बसण्याआधीच डिक्लरेशन भरता येतं.

मनमोकळा
रात्री १०:४८

मी हुक्क्याचा फ्लेवर आणणार आहे जानेवारीत, २५० ग्रॅमचा डबा. त्याचं काय?

दादरकर
रात्री १०:५१

तोही तंबाखूच. १२५ ग्रॅमपर्यंत. पन्नास ग्रॅमचे छोटे डबे मिळतात, त्यातले दोन घ्या. आणि डब्याबरोबर सिगारेटचे शंभर वेगळे मिळतात असं समजू नका. सिगारेट, सिगार, तंबाखू यांतलं एकच.

विवेकी
रात्री १०:५५

महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर बंदी आहे. कमला मिलची आग आठवा. तरी लोकांना हे हवंच असतं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी प्रत्येक टपरीवर मिळतो. सरकारने मनावर घेतलं तर एका महिन्यात बंद होईल.

मनमोकळा
रात्री १०:५७

विवेकी, मी घरी ओढणार आहे, पार्लर काढत नाहीये.

शांताबाई_लेक
रात्री ११:०२

तंबाखूचं निघालंच आहे म्हणून विचारते. आम्ही सिंगापूरला असतो. सासूबाई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच येतायत. त्यांना सकाळी मिश्री लागतेच, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. घरी भाजून, दळून डबी भरून आणणार आहेत. थोडीशीच आहे, चालेल ना? वय बहात्तर, इंग्रजी येत नाही, एकट्या येतायत.

ससून_गोदी
रात्री ११:११

ताई, सिंगापूरला अजिबात देऊ नका. तिथे सिगारेटलासुद्धा फ्री मर्यादा शून्य आहे, एक पाकीट असलं तरी सांगून कर भरायचा. आणि तोंडात ठेवायची किंवा चघळायची तंबाखू तर पूर्ण बंद. गुटखा, खैनी, जर्दा, सगळ्यावर २०१६ पासून बंदी आहे. मिश्री त्याच घरातली. भाषा न येणाऱ्या एकट्या बाईला तिथल्या काउंटरवर काळ्या पुडीचा खुलासा करायला लावू नका.

अबोली
रात्री ११:१५

शांताबाई_लेक, माझ्या आजेसासूबाईंचं असंच होतं, आम्ही ऑस्ट्रेलियाला आणलं तेव्हा. त्यांनी निघायच्या महिनाभर आधीपासून दिवसाला थोडी थोडी कमी केली. सकाळी गरम पाणी आणि रात्री त्रिफळा सुरू केला. पहिले चार-पाच दिवस चिडचिड झाली, डोकं दुखलं, नंतर सवय मोडली. तुम्हाला अजून महिना आहे, आजच फोन करा. त्यांच्या डॉक्टरांनाही विचारा. तंबाखू सोडायला सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, टोल फ्री.

शांताबाई_लेक
रात्री ११:१९

खूप आभार. नवऱ्याला सांगते, तोच बोलेल आईशी. माझ्याकडून गेलं तर वेगळा अर्थ निघेल.

रानजाई
रात्री ११:२३

धागाकर्ते, तुम्ही दोनशेच आणा हो. इथे सगळे उगाच घाबरवतायत. फार तर काढून घेतील.

दादरकर
रात्री ११:२६

काढून घेतील हे तुम्हाला "फार तर" वाटतं? त्यांचे तीन हजार जातील, वर दंड, आणि पोरासमोर चौकशी.

वैनगंगा_काठ
रात्री ११:३४

यंत्र रद्द. मित्राला कळवलं, तो रुसलाय, रुसू दे.
कार्टन घेतो आणि फोडून पाच-पाच करतो. पण आता बायको म्हणते, तिच्या पर्समध्ये सिगारेटची पाकिटं नकोत, नागपूरला स्टेशनवर तिचे वडील घ्यायला येणार आहेत. तिच्या चेक-इन बॅगेत ठेवली तर चालेल? तिच्या नावाचा टॅग आहे त्याला.

नागपुरी_संत्रा
रात्री ११:३७

स्टेशनवर काहून? फ्लाइट नागपूरले उतरते ना?

वैनगंगा_काठ
रात्री ११:३९

पुढे गोंदियाला ट्रेन आहे. चेक-इनचं सांगा कोणीतरी.

ससून_गोदी
रात्री ११:४५

चालेल. तिच्या नावाच्या टॅगची बॅग, तिचं बिल तिच्याकडे, आणि ती बॅग बेल्टवरून तिनेच ट्रॉलीवर घेऊन एक्स-रेला लावायची. फक्त हे दुबईत चेक-इन करण्याआधी व्हायला हवं. ड्यूटी फ्री सिक्युरिटीच्या आत आहे, तिथून घेतलंत तर चेक-इनची बॅग केव्हाच गेलेली असेल. म्हणजे उद्या दिवसा बाहेरच्या सुपरमार्केटमधूनच घ्या, आणि दोन बिलं मागायला विसरू नका.

वैनगंगा_काठ
रात्री ११:४८

खालीच सुपरमार्केट आहे, उघडं आहे अजून. जातो.