अनाथाश्रमाला दिलेली मदत मुलांच्या घरांपर्यंत कशी वळवावी? (सिएम रीप, कंबोडिया)

सप्रेम नमस्कार.

सिंगापूरमध्ये राहणारी आम्ही चौदा मराठी कुटुंबे गेली सहा वर्षे दर डिसेंबरमध्ये, मुलांच्या शाळांना सुट्टी लागली की, कंबोडियातील सिएम रीप येथील एका अनाथाश्रमात आठवडाभर सेवेसाठी जातो. विमानाने जेमतेम दोन तासांचा प्रवास असल्याने अंगकोरची मंदिरे पाहणेही होते आणि आपल्या मुलांना जगाची थोडी जाण येते, असा आमचा सरळ हिशेब होता. वर्गणीतून तांदूळ, वह्या आणि मच्छरदाण्या नेल्या, दोन खोल्या रंगवल्या, आणि आश्रमाच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कमही पाठवत आलो.

मागील सप्टेंबरअखेर मी कार्यालयीन कामासाठी एकटाच तेथे गेलो असताना, न कळवता आश्रमात डोकावलो. त्या दिवसांत तेथे प्चुम बेन हा पितरांचा सण असतो. तो आपल्या पितृपक्षाच्या आगेमागेच येतो आणि त्या वेळी सारा देश आपापल्या गावी जातो. बत्तीस मुलांपैकी पाचच मुले आश्रमात होती. बाकीची कोठे आहेत, असे विचारल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी अगदी सहजपणे सांगितले, "गावाला गेली आहेत, आईकडे." ज्यांना आम्ही सहा वर्षे अनाथ म्हणत होतो, ती मुले सणाला आईच्या हातचे जेवायला गेली होती.

परतल्यावर वाचन केले, तेव्हा आमचा आश्रम अपवाद नाही हे ध्यानात आले. कंबोडियात संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे तेथील शासन आणि युनिसेफ यांच्या पाहणीतून 2011 मध्येच पुढे आले होते. 2015 च्या गणनेत अशा 406 संस्था आणि त्यांत 16,579 मुले आढळली. गरीब पालक मूल तेथे ठेवतात ते बहुतेक वेळा दोन वेळचे जेवण आणि शाळा यांसाठी, आणि मुले जितकी जास्त तितकी देणगी जास्त असल्यामुळे ती परत पाठवण्याची घाई कोणालाच नसते. पर्यटकांसमोर मुलांनी सायंकाळी अप्सरा नृत्य करायचे आणि नंतर देणगीची पेटी फिरवायची, हा प्रकार आम्हीही पाहिला होता. टाळ्याही वाजवल्या होत्या.

आता मुद्द्याचे. आम्ही एकाएकी पैसे थांबवले तर पहिला फटका त्याच मुलांच्या ताटाला बसेल. आणि तसेच देत राहिलो तर ती मुले तेथेच राहतील. हा निधी मुलांच्या घरांकडे वळवायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी, पालकांशी बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्यांना खरोखरच परतायला घर नाही अशा थोड्या मुलांचे काय करावे? डिसेंबरची तिकिटे काढलेली आहेत, हाही एक प्रश्न आहेच. गटातील ज्येष्ठांना हे सारे "चांगल्या कामात खोट काढणे" वाटते. त्यांना कसे समजवावे, हेही कोणी सुचवल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद: निवृत्त परिविक्षा अधिकारी, पुणे

आपण पैसे तत्काळ थांबवले नाहीत, हे योग्यच केले. आश्रम अचानक बंद पडला तर मुले घरी जाण्याऐवजी दुसऱ्या आश्रमात हलवली जाण्याची भीती असते. मात्र पालकांचा शोध आपण स्वतः घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. परदेशी देणगीदार दारात उभा राहिला की पालक त्याला आवडेल तेच बोलतात. हे काम जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाच्या माहितीने, ख्मेर बोलणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांनीच करावयाचे असते: प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद, गृहभेट, मूल तेथून का निघाले याचा शोध, आणि घरी परतल्यावर किमान वर्षभर पाठपुरावा. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही घडले असेल, तर ते पहिल्या भेटीत कळत नाही.

आपल्या वर्गणीतून अशा एका कार्यकर्तीचे वेतन आणि घरी परतणाऱ्या मुलांचा शाळेचा खर्च भागवता येईल का, ते पाहा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचे सूत्र हेच आहे: मूल संस्थेत न ठेवता कुटुंबाला आधार द्यायचा. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही केवळ गरिबी हे मुलाला पालकांपासून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कंबोडिया सरकारने स्वतःच सिएम रीपसह पाच प्रांतांतील 30 टक्के मुले 2018 पर्यंत कुटुंबांत परत पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, म्हणजे आपण प्रवाहाविरुद्ध काही मागत नाही. ज्येष्ठांना हे एवढेच सांगून पाहा. आणि ज्या मुलांना खरोखर कोणी नाही, त्यांच्यासाठी आधी आजी, मावशी, काका यांचा शोध, मग गावातील पालक-कुटुंब, आणि संस्था अगदी शेवटी.

प्रतिसाद: सातारकर

माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत मी वसतिगृहात राहून शिकलो, कारण आमच्या वाडीत चौथीपुढे शाळाच नव्हती. म्हणून शाळेसाठी मूल दूर ठेवणाऱ्या आईबापांना मी दोष देणार नाही. फरक इतकाच की वसतिगृहाच्या वहीत माझ्या नावापुढे वडिलांचे नाव होते, महिन्याच्या पहिल्या रविवारी ते भाकरी बांधून भेटायला येत, आणि पाहुण्यांसमोर नाचायला मला कोणी उभे केले नाही. कंबोडियातही खेड्यांत माध्यमिक शाळा लांब असते असे ऐकून आहे. तसे असल्यास घरी परतणाऱ्या मुलाला सायकल आणि शिकवणीची फी मिळाली नाही, तर ते काही महिन्यांत शाळा सोडून कामाला लागेल. पालकांना आधी हेच विचारायला सांगा: शाळेची सोय झाली तर मूल घरी ठेवाल का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल बैठक झाली. आश्रमातील वास्तव्य रद्द केले असून तिकिटे असलेली कुटुंबे केवळ मंदिरे पाहून परततील. ज्येष्ठांपैकी दोघे अजून नाराज आहेत. मुलांची जी छायाचित्रे आम्ही वर्षानुवर्षे समाजमाध्यमांवर टाकत होतो, ती काढून टाकण्यास सर्वांनी होकार दिला. मासिक रक्कम सहा महिने तशीच राहील, परंतु प्रत्येक मुलाची नोंद पाहू द्यावी, अशी लेखी अट व्यवस्थापकांना कळवली आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

जानेवारीत आम्ही दोघे जण समाजकल्याण कार्यालयात जाणार आहोत. आश्रमाशी कोणताही संबंध नसलेला, इंग्रजी जाणणारा ख्मेर दुभाषा हवा आहे. सिएम रीप किंवा नोम पेन्हमध्ये काम केलेल्या कोणाला अशी व्यक्ती माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.