आडनावच स्मॉल अक्षराने सुरू होतं, मग वाक्याचं काय?

मुद्रितशोधक
आमच्या पक्षिमित्र मंडळाचं इंग्रजी वार्षिक मी तपासते. यंदा त्रिनिदादच्या पक्ष्यांवर लेख आहे. तिथली मार्गदर्शिका १९७३ साली रिचर्ड फ्रेंच यांनी लिहिली. त्यांचं आडनाव इंग्रजीत दोन स्मॉल एफने सुरू होतं: एफ, एफ, आर, ई, एन, सी, एच. कॅपिटल कुठेच नाही. लेखातला एक परिच्छेद नेमका याच आडनावाने सुरू होतो. सहसंपादकांनी पहिला एफ कॅपिटल केला, मी तो परत स्मॉल केला. ज्याचं नाव, तो लिहितो तसंच छापायचं. डोळ्यांना खटकत असेल तर वाक्य फिरवा, नावाला हात लावू नका.

मोडीवाचक
सहमत नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांच्या वळणात कॅपिटल एफच दोन एफ शेजारी ठेवल्यासारखा काढत. ती दोन अक्षरं नव्हतीच. ते वळण मागे पडलं, लोकांना त्यात दोन स्मॉल एफ दिसू लागले आणि काही घराण्यांनी तसंच लिहिणं चालू ठेवलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत. म्हणून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवताना आपण नावांची वेलांटी मोडीतल्यासारखीच ठेवतो का? लिपीची लकब म्हणजे शुद्धलेखन नव्हे.

मुद्रितशोधक
उगम तुम्ही सांगता तोच आहे. पण आयर्लंडमध्ये गॉलवेच्या फ्रेंच घराण्याला १७९८ मध्ये बॅरन ही सरदारकीची पदवी मिळाली, तीही दोन स्मॉल एफ लावूनच लिहितात. इतक्या पिढ्यांनी सही तशी केल्यावर ती लकब राहत नाही, नाव होतं. आपल्याकडचंच बघा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं इंग्रजांच्या लेखणीने सिंदिया केलं. घराण्याने ते स्वीकारलं. आज इंग्रजी वाक्यात तुम्ही त्यांना शिंदे कराल का?

मोडीवाचक
शिंदे-सिंदियात उच्चार बदलला. इथे उच्चार तोच, 'फ्रेंच'. म्हणून मला दोन्हींची तुलना पटत नाही.

वेल्सवासी
मी कार्डिफला राहतो. वेल्शमध्ये दोन एफ मिळून एक स्वतंत्र अक्षर होतं, उच्चार 'फ'. एकटा एफ म्हणजे 'व्ह'. ब्लायनाय फेस्टिनिओग या गावाच्या नावात पहिला एफ कॅपिटल, दुसरा स्मॉल. कुणालाही खटकत नाही. वाक्यारंभी तसं करायला काय हरकत आहे?

मुद्रितशोधक
ते वेल्श वर्णमालेत बसतं. गॉलवेच्या आडनावाला ती वर्णमाला लावता येणार नाही.

नियमप्रेमी
वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, हा नियम वाचकाच्या सोयीसाठी आहे. पूर्णविरामानंतर स्मॉल अक्षर आलं की छपाईची चूक वाटते. डच लोकही 'दे व्रीस' या आडनावातला 'दे' पहिलं नाव सोबत असेल तर स्मॉल लिहितात, नुसतं आडनाव आलं की कॅपिटल. जागेप्रमाणे अक्षर बदललं म्हणून त्यांचा अपमान होत नाही.

मुद्रितशोधक
तो डच लोकांनी स्वतःच्या नावांसाठी ठरवलेला नियम आहे. इथे नियम आपण लादतोय. आणि ज्या शिकागो शैलीपुस्तिकेचा आधार सगळे घेतात, ती वाक्यारंभीही आयफोनचा आय स्मॉल ठेवू देते. कंपनीच्या मालाला जी मोकळीक, ती माणसाला नाही?

नियमप्रेमी
हा मुद्दा मान्य. पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली तिथे कॅपिटलच करते. वार्षिकासाठी एक शैली निवडा आणि शेवटपर्यंत पाळा.

मुद्रितशोधक
परिच्छेद मी 'रिचर्ड' जोडून सोडवला. अडचण नामसूचीची आहे. तिथे प्रत्येक नोंद आडनावाने सुरू होते, वाक्य फिरवायची सोयच नाही. दोन एफ ठेवले तर नोंद 'एफ-ई'च्या नंतर, 'एफ-आय'च्या आधी येते. एकच कॅपिटल एफ केला तर ती थेट 'एफ-आर'मध्ये जाते, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव बघून सूचीत शोधणाऱ्याला सापडत नाही. त्यामुळे सूचीतही दोन स्मॉल एफच राहतील. छापखान्याला तशी चिठ्ठी आज पाठवतेय, म्हणजे तिथे कुणी 'दुरुस्त' करणार नाही.