मदत हवी आहे: वाजवून न बघता ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी रेकॉर्ड कशी पारखायची?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. गेल्या रविवारी पणजीत जुन्या रेकॉर्डींचा बाजार भरला होता. सहज म्हणून गेलो आणि अडीच तास खोक्यांपुढे उकिडवा बसून आलो. पाठ अजून ठणकतेय. येत्या रविवारी परत जायचंय, त्याआधी जाणकारांनी थोडी शिकवणी घ्यावी ही विनंती.

पहिल्या फेरीत तीन रेकॉर्डी आणल्या. नाट्यगीतांच्या एलपीचं कव्हर इतकं कोरं करकरीत, की आत डोकावलोच नाही. घरी लावली तर पहिल्याच पदात सुई अडकली आणि तीच तान पुन्हा पुन्हा. अंगणात उन्हाला तिरकी धरली तेव्हा ओरखडा दिसला, नखाला लागण्याइतका खोल. मंडपातल्या ट्यूबलाइटखाली काहीच दिसलं नव्हतं. कोंकणी गाण्यांची छोटी ४५ची मात्र खरखरत का होईना, मजेत वाजते. सासऱ्यांनी तीनदा ऐकली.

तिसरी ७८ची, जड, आणि तिच्यावर पांढुरकी बुरशी. आपल्याकडचा पावसाळा, दुसरं काय. विकणारा म्हणाला, "स्पिरिटने पुसा, लख्ख होईल." बाटली उघडता उघडता आठवलं, की या तबकड्या लाखेच्या असतात आणि आमचा सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो! वाचलो. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, लेबल कोरडं ठेवून पुसली. बुरशी गेली. पण वाजवणार कशी? माझ्या प्लेअरला ७८चा वेग आहे, सुई मात्र एलपीची. ७८ला साधारण तिप्पट जाड सुई लागते, बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत राहते. जाड सुई गोव्यात कुठे मिळेल, की मुंबईहूनच मागवावी लागेल?

आता खरा प्रश्न. आईचं माहेर केरीचं, गायिका केसरबाई केरकरांच्या गावचं. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली आणि सूर्यमालेतले ग्रह मागे टाकून पुढे निघालीय. आणि त्यांच्याच गावच्या माहेरवाशिणीला फोंड्यात बसून त्यांची एक तबकडी मिळत नाही! त्या बाजारात एकाकडे केसरबाईंची ७८ची होती. लेबल नीट वाचता येतं, काठ शाबूत. मागतोय १८०० रुपये. ठेल्यावर वाजवायला यंत्र नाही आणि एकदा नेली की परत घेणार नाही म्हणतो. रविवारपर्यंत बाजूला ठेवायला तयार झालाय, तेवढं बरं.

एक ओळखीचे म्हणतात, मध्ये बोट घालून तबकडी पेलायची आणि काठावर हलकेच टिचकी मारायची. अखंड असेल तर खणखणते, केसासारखी चीर असेल तर बद्द वाजते. हे खात्रीचं आहे का? दुसरं असं, की तिच्या खाचा काही ठिकाणी काळ्याभोर न दिसता राखाडी दिसल्या. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया दर बाजूला बदलायच्या असत आणि लोक बदलत नसत, त्याने झिजली असेल का? तसं असेल तर आवाज कितपत उरतो? आईला नुसती खरखर ऐकवायची नाही, पण राखाडी दिसते म्हणून सोडून द्यायलाही मन होत नाही.

स्वतः ७८च्या हाताळणाऱ्यांनी शनिवारच्या आत सांगा, प्लीज.