एमडीएमए देऊन मानसोपचार: ऑस्ट्रेलियाने घाई केली का?

मेलबर्नकर
१ जुलै २०२३ पासून आमच्याकडे परवाना मिळालेले मनोविकारतज्ज्ञ पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून बसणारा त्रास) एमडीएमए आणि कशालाच दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. एक म्हणजे पार्ट्यांमधली एक्स्टसी, दुसरं मॅजिक मशरूममधलं द्रव्य. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे आता डॉक्टरच गर्द देणार?"

तसं नाही हो. गोळी हातात देऊन घरी पाठवत नाहीत. आधी दोन-तीन बैठका नुसत्या बोलण्याच्या. मग डोसचा दिवस: डोळ्यांवर पट्टी, संगीत, आठेक तास, आणि पूर्ण वेळ दोन उपचारक शेजारी. त्यानंतर पुन्हा बैठका, जे वर आलं ते निस्तरायला. ओळखीतला एक निवृत्त सैनिक दर ३१ डिसेंबरची रात्र गॅरेजमध्ये गाडीच्या काचा लावून काढायचा, फटाक्यांमुळे. तीन डोस झाले. यंदा अंगणात उभा होता, खांद्यावर नात. माझं मत: परवानगी दिली ते योग्यच केलं.

शंकेखोर
सैनिकासाठी आनंद आहे. पण एका नातीवर धोरण ठरत नाही.

अमेरिकेत हेच एमडीएमए जून २०२४ मध्ये एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या, सल्लागारांपुढे आलं. फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे का, यावर दहा जण 'नाही' म्हणाले, एक 'हो'. ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी नाकारली. मुख्य अडचण साधी आहे. औषधाच्या चाचणीत कोणाला खरं औषध मिळालं आणि कोणाला औषध नसलेली नुसती गोळी, हे रुग्णाला कळता कामा नये. इथे तासाभरात कळतं! ज्याला काहीच होत नाही तो आठ तास पट्टी बांधून हिरमुसलेला पडून राहणार. त्याला फरक कमीच वाटणार.

मेलबर्नकर
मान्य, पण आकडेही बघा. २०२३ च्या चाचणीत १०४ जण होते. एमडीएमए मिळालेल्यांपैकी ७१ टक्के शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. नुसती गोळी मिळालेल्यांपैकी ४८ टक्के.

शंकेखोर
हा ४८ चा आकडा कोणाच्या बाजूचा, सांगा बरं? औषध नाही, तरी जवळजवळ निम्मे निकषांबाहेर गेले. कारण त्यांनाही तेवढ्याच बैठका, तेच दोन उपचारक, तेवढेच तास मिळाले. मग श्रेय गोळीचं किती आणि शेजारी बसलेल्या माणसांचं किती?

आणि त्या माणसांवर लक्ष कोण ठेवणार? कॅनडातल्या एमडीएमए चाचणीतल्या एका सत्राची चित्रफीत नंतर बाहेर आली. त्यात दोघे उपचारक रुग्ण बाईला बिलगून पडलेत, दाबून धरताहेत. त्या अवस्थेत 'नको' म्हणायचं बळ कुठून आणायचं?

माधवी_ठाणे
मी इथे फारशी लिहीत नाही, पण हे जवळून पाहिलंय. आपल्याकडे एमडीएमए, सायलोसायबिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात अडकलेत. केटामीन मात्र भूल द्यायला पूर्वीपासून आहे, आणि काही डॉक्टर ते नैराश्यासाठी देतात. माझ्या भावाला सहा वेळा दिलं. चाळीस मिनिटं सलाईनमधून. तो म्हणाला, "छताचा पंखा हळूहळू माझ्यापासून लांब गेला, आणि पहिल्यांदाच बाबा गेले त्या दिवसाबद्दल बोलावंसं वाटलं."

बोलायला तिथे कोणी नव्हतं. वॉर्डबॉयने सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला, "दादा, आज गाडी चालवू नका" म्हणाला, आणि आम्ही बिलाच्या रांगेत. रिक्षात त्याने दोन-तीनदा तोंड उघडलं. मला काय विचारावं तेच कळेना. घर येईपर्यंत ते वाटणं ओसरलं होतं.

पेडणेकर
हांव सांगतां. सॉरी, मराठीत लिहितो. आमच्या किनाऱ्यावर हीलिंगच्या नावाने काय वाट्टेल ते विकणारे भेटतात. असले धागे वाचून कोणी घरी प्रयोग करू नका. घरात कोणाला सायकोसिसचा (भास-भ्रमांचा) त्रास झालेला असेल तर चाचणीतसुद्धा साधारणपणे घेत नाहीत. आणि नैराश्याच्या चालू गोळ्या मनाने तर मुळीच सोडायच्या नाहीत.

मेलबर्नकर
माधवीताई, तुमचं वाचून माझा सूर जरा खाली आला. म्हणजे औषध मिळालं, उपचार राहून गेला.

@शंकेखोर, गोळीला शून्य श्रेय द्यायला मात्र मी तयार नाही. भावाला बोलावंसं वाटलं ते सलाईननंतरच ना?

शंकेखोर
शून्य मीही म्हणत नाही. २०२१ च्या लंडनच्या चाचणीत ५९ जणांपैकी काहींना सायलोसायबिन, काहींना एस्सिटालोप्राम ही नैराश्याची रोजची गोळी दिली. मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत ठोस फरक निघाला नाही, म्हणजे नेहमीच्या गोळीइतपत असेलही. माझं भांडण खर्चाशी आहे. तीन डोस, प्रत्येकी आठ तास, दोन माणसं: झाले ४८ तास, आधीनंतरच्या बैठका सोडून. सरकारी ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं मिळाली तरी नशीब.

माधवी_ठाणे
४८ नकोत हो. आम्हाला त्या दिवशी एक तास पुरला असता.